वाड्यांची महिरप बागेत आणायची, तर पाषाणात, पोलादात की जीआरसीत?

पुण्याच्या पेठांमधली बाग नव्याने करायची म्हटली की आराखड्यात विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि महिरपी हटकून येतात. १८०७ मधलं ते काम सागवानी आहे. चहूबाजूंनी पाऊस लागणाऱ्या जागी साग नकोच. चिरा पडतात, आणि दरवर्षीच्या तेल-पॉलिशचा खर्च निविदेत सहसा धरलेलाच नसतो.

काळा पाषाण. वाड्यांची जोती आणि तळखडे (खांबाखालचे दगड) याचेच. ३० सेंमी चौरस, २.४ मीटर उंच खांबाचा ठोकळा सव्वासहाशे किलोच्या आसपास भरतो. त्यामुळे क्रेन आत येईल अशी वाट लागते, आणि फरसबंदी खांब उभे राहिल्यावरच करायची. खांब तुकड्यांत घडवणार असाल तर सांध्यातला डॉवेल (दोन तुकडे जोडणारी खुंटी) स्टेनलेस स्टीलचाच घ्या. साधी सळई गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. बेसाल्टात बारीक पोकळ्या असतात, म्हणून नाजूक पाकळी टाकीखाली (छिन्नीखाली) निखळते. नक्षी ठसठशीत ठेवा. टाकी लावण्याआधी ठोकळा भिजवून वाळू द्यावा. वाळताना जी रेघ काळी राहते तिथे भेग आहे, तो ठोकळा परत पाठवा.

जीआरसी. म्हणजे काचतंतू घातलेलं काँक्रीट. कवच साधारण १२ मिमी, वजन चौरस मीटरला पंचवीसेक किलो. एका साच्यातून वीस महिरपी निघतात, हा याचा मोठा फायदा. पण मुलांच्या लाथेने आणि सायकलच्या धक्क्याने कडा उडतात. साधे काचतंतू सिमेंटच्या अल्कलीत कमकुवत होतात. निविदेत ‘अल्कलीरोधक तंतू, झिर्कोनिया किमान १६ टक्के’ असं स्पष्ट लिहा. बोल्ट घट्ट आवळले तर उन्हात प्रसरण पावायला वाव उरत नाही आणि तडा जातो. लांबट छिद्रं हवीत, आणि तळाशी पाणी निघायला वाट.

लेझरने कापलेली पोलादी जाळी. पत्रा ६ मिमी घ्या. पातळ पत्रा जस्ताच्या सुमारे ४५० अंशांच्या कढईत वाकडा होतो. आधी कापणं, मग गॅल्व्हनायझिंग (त्या कढईत बुडवून जस्ताचा थर देणं), मग पावडर कोटिंग. हा क्रम उलटला की कापलेल्या कडेपासून गंज सुरू. नक्षी काढणारे एक हमखास विसरतात: मुलांच्या आवाक्यातली ८९ ते २३० मिमीची भोकं धोक्याची, धड आत जातं आणि डोकं अडकतं. गंजाच्या रंगाचं कॉर्टेन पोलाद फोटोत देखणं दिसतं, पण पहिल्या काही पावसाळ्यांत खालची फरशी तांबडी करतं.

आमचा कौल असा: हात, पाठ आणि पाणी लागेल तिथे पाषाण, डोक्यावरच्या महिरपीला पोलाद, जीआरसी फक्त दोन मीटरच्या वर, भिंतीला टेकवून. पैसे कमी पडले तर बारा खांबांचे सहा करा, पण खालच्या भागाला जीआरसी लावू नका. पोलादी खांबाची बेसप्लेट (तळाची पट्टी) मातीपासून १०० मिमी वर ठेवा. स्प्रिंकलरचं पाणी रोज तिथेच साचतं.