नावांचे अर्थ सांगणारे मराठी अ‍ॅप: ‘हन्ना’ या नोंदीवरून केलेले परीक्षण

भाचीच्या बाप्तिस्म्यासाठी ‘हन्ना’ हे नाव घरात जवळजवळ पक्के झाले होते, म्हणून नावांचे अर्थ देणाऱ्या एका अ‍ॅपमधील ही नोंद मी बारकाईने वाचली. पाचपैकी तीन तारे देत आहे.

व्युत्पत्तीचा भाग भरवशाचा आहे. हे हिब्रू नाव ‘कृपा करणे’ या अर्थाच्या धातूपासून आले असून ‘परमेश्वर कृपाळू आहे’ असा अर्थ असलेले योहान हे नावही त्याच धातूचे आहे, हे तेथे नेमके दिले आहे. ग्रीकमध्ये सुरुवातीचा ‘ह’ गळून ‘अ‍ॅना’ हे रूप झाले आणि तेच पुढे युरोपभर रुजले, हेही बरोबर आहे.

मात्र त्याच नोंदीत ‘फूल’ हा दुसरा अर्थ छापला आहे, आणि तो चूक आहे. फूल म्हणजे जपानी ‘हाना’. त्या शब्दाचा या नावाशी काहीही संबंध नाही. नाव आयुष्यभर सोबत राहणार असल्याने अशी सरमिसळ मला अक्षम्य वाटते.

याहून मोठी उणीव म्हणजे, ज्या कथेमुळे या नावाला वजन आले, ती बायबलच्या जुन्या करारातील ‘१ शमुवेल’ या पुस्तकातली कथा अ‍ॅपने एका ओळीत गुंडाळली आहे. मूल नाही म्हणून सवत पनिन्ना हिणवत असताना हन्ना शिलो येथे प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही, आणि याजक एली तिला दारू प्यायलेली समजतो. ती गप्प बसत नाही. आपण मद्य घेतलेले नाही, परमेश्वरापुढे मन मोकळे करत आहोत, असे ती त्याला स्पष्ट सांगते. यहुदी परंपरेने मूक प्रार्थनेचा आदर्श तिच्यातच पाहिला, आणि रोश हशाना या यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात हीच कथा वाचली जाते. ‘कृपा’ हा अर्थ या प्रसंगाशिवाय पोकळ राहतो.

येशूची आई मरिया हिच्या आईला, म्हणजे संत अ‍ॅनाला, अ‍ॅपने ‘बायबलमधील व्यक्ती’ म्हटले आहे. वास्तविक तिचे नाव बायबलबाहेरील, दुसऱ्या शतकातील याकोबाच्या आद्यशुभवर्तमानातून आले आहे. गोव्यात तळावली येथे तिचे सांताना चर्च आहे आणि तेथील जुलैमधील तवशांच्या फेस्तात भाविक तिला काकड्या वाहून अपत्यासाठी साकडे घालतात. मराठी वाचकांसाठी काढलेल्या अ‍ॅपमध्ये ही माहिती असायलाच हवी होती.