बेळगाव ते लंडन: अंतर सांगणाऱ्या अ‍ॅपचा आठ महिन्यांचा अनुभव

लेकीच्या बाळंतपणाला लंडनला जायचं ठरलं, तेव्हा जावयांनी हे अ‍ॅप फोनवर घालून दिलं. दोन विमानतळांची नावं टाकायची, अंतर आणि वेळ दिसते. आता नातीशी बोलण्याआधी तिथली वेळ बघायलाही तेच उघडते.

अंतरावर डोळे झाकून विश्वास ठेवा. सांबरा (आमचा बेळगावचा विमानतळ) ते लंडनचा हीथ्रो सुमारे 7,600 किलोमीटर. मग सांबरा ते मुंबई टाकलं, 400. मुंबई ते हीथ्रो, 7,200. बेरीज तेवढीच! म्हणजे मुंबई अगदी वाटेवर. एजंट बेंगळूरूमार्गे स्वस्त तिकीट देत होता. तो प्रवास साडेआठ हजारांच्या घरात जातो, कारण आधी साडेचारशे किलोमीटर उलट्या दिशेला जायचं. माझे गुडघे दुखतात, मी मुंबईच घेतली.

अ‍ॅप सगळ्यात जवळच्या वाटेचं अंतर देतं, पण सपाट नकाशावर ती रेषा कमानीसारखी वाकलेली दिसते. ह्यांना ते पटेना. पुतण्याच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून दाखवला, तेव्हा गप्प बसले.

वेळेचा आकडा मात्र जपून वापरा. अ‍ॅप एक ठरलेला वेग धरून भागाकार करतं आणि चढ-उताराची थोडी मिनिटं वाढवतं. वारा त्यात नाही. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. शिवाय ती जवळची वाट कराचीच्या बाजूने पाकिस्तानात शिरते, आणि एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना ते आकाश बंद झालं, म्हणून वळसा. मला अ‍ॅपने मुंबईपासून नऊ तास सांगितले होते. नोव्हेंबरात जाताना सव्वादहा लागले, फेब्रुवारीत येताना नऊच्या आतच मुंबई. लेक तिकडे दिवस भरलेल्या अवस्थेत वाट बघत होती. तो सव्वा तास तिला फार जड गेला, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आणखी एक खटकलं. सांबऱ्याहून लंडनला थेट विमान नाही, तरी अ‍ॅप साडेनऊ तास असा आकडा दाखवतं. नवख्या माणसाची फसगत होईल. दोन्ही टप्पे वेगवेगळे टाकून बघा.

घड्याळाचंही लक्षात ठेवा. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे आपल्यातला साडेपाच तासांचा फरक साडेचारवर येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेपाच. अ‍ॅपने हा बदल बरोबर धरला. मीच एप्रिलभर जुन्या हिशेबाने फोन करत होते, आणि बाळाच्या अंघोळीची वेळ चुकत होती.

टिळकवाडीच्या दारातून निघून लेकीच्या दारात पाऊल ठेवेपर्यंत मला 21 तास लागले. त्यातले पाच मुंबईत, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर डिंकाच्या लाडवांची पिशवी सांभाळत. दिवाळीनंतर पुन्हा जायचंय, तेव्हा 22 धरूनच निघणार.