प्रोलिफिकवर सहभागी मिळतात, ‘जनता’ मिळत नाही

निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. तुमचा अभ्यास स्मरणशक्ती, लक्ष, वाचन, निर्णय असल्या गोष्टींवर असेल आणि हाताशी थोडंफार अनुदान असेल, तर प्रोलिफिक, म्हणजे पैसे देऊन अभ्यासासाठी सहभागी मिळवून देणारी ऑनलाइन सेवा, बिनधास्त घ्या. ‘अमुक विषयावर किती टक्के लोकांना काय वाटतं’ हे मोजायचं असेल, तर पैसे दुसरीकडे खर्च करा.

मी मानसशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत संशोधन सहायक आहे. प्रश्न प्राध्यापकांचे, सिद्धांत पीएचडीवाल्यांचे, आणि ‘माणसं कुठून आणायची?’ हे लोढणं माझ्या गळ्यात. पूर्वी विभागाच्या फलकावर लावलेली सूचना आणि गुणांसाठी येणारे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांवर भागायचं. त्यातून विज्ञानाचं काय होतं, हे जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2010 साली ठणकावून सांगितलं. मानसशास्त्राचे बहुतेक नमुने पाश्चिमात्य, शिकलेल्या, श्रीमंत देशांतले, त्यातही विद्यार्थ्यांचे. आणि त्यावरून विधानं मात्र सगळ्या मानवजातीबद्दल.

मग ऑनलाइन जायचं, तर पहिला मोह फुकटचा. लिंक तयार करायची, समाजमाध्यमांवर टाकायची, खाली लिहायचं ‘भाग घेणाऱ्यांतून सोडत काढून गिफ्ट व्हाउचर’. आमच्या एका अभ्यासात हे झालं. दिवसभर तुरळक उत्तरं आली आणि मध्यरात्रीनंतर नळ फुटावा तशी धार लागली. सकाळी एक्सेलमध्ये पाहिलं, तर ईमेल सगळे एकाच साच्यातले: नाव, आडनाव, पुढे काही आकडे. पंचवीस मिनिटांची प्रश्नावली दीड-दोन मिनिटांत पूर्ण. ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ या रकान्यात ओळीनं एकच उत्तर, ‘खूप छान अभ्यास’. त्यातले खरे कोण हे शोधायला जितका वेळ गेला, तितक्या वेळात पैसे देऊन नवा अभ्यास उरकला असता. व्हाउचरचं आमिष आणि उघडी लिंक एकत्र आली की हे होणारच. ‘तू माझी प्रश्नावली भर, मी तुझी भरतो’ छापाच्या गुण-देवाणघेवाणीच्या साइटही असतात. तिथे भेटतात ते बहुतांशी प्रबंध संपवायच्या घाईत असलेले आपलेच भाऊबंद. म्हणजे फिरून पुन्हा विद्यार्थीच.

फुकटात चांगला डेटा मिळतच नाही असं नाही. स्वयंचलित गाडीनं अटीतटीच्या प्रसंगी कोणाला वाचवावं, हे विचारणारा ‘मोरल मशीन’ हा प्रयोग लोकांना इतका रंजक वाटला की 233 देश-प्रदेशांतून सुमारे 4 कोटी निर्णय गोळा झाले. पण तिथेही तरुण, शिकलेले पुरुष जास्त. शिवाय आमची ‘शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवा’ ही चाचणी करमणूक म्हणून कोण सोडवणार?

पैसे देऊन माणसं मिळवायची, तर अनेक वर्षं ॲमेझॉनचं मेकॅनिकल टर्क हेच नाव समोर यायचं. ते 2005 चं. मुळात संगणकाला न जमणारी बारीकसारीक कामं माणसांकडून करून घेण्यासाठी काढलेलं. संशोधक मागून शिरले, कारण स्वस्त. किती स्वस्त? तिथल्या कामगारांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2018 साली आला, त्यात तासाची मध्यक कमाई (निम्म्यांची याहून कमी, निम्म्यांची जास्त) सुमारे 2 डॉलर निघाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिथल्या निरर्थक उत्तरांवरून संशोधकांत ‘बॉट आले, बॉट आले’ (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) अशी ओरड झाली. पुढे दिसलं की त्यातले बरेचसे बॉट नव्हतेच. आपलं ठिकाण लपवून धडाधड फॉर्म भरणारी माणसं होती. तासाला 2 डॉलर मिळत असतील, तर प्रश्न नीट वाचायला कोण बसेल?

प्रोलिफिक 2014 साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालं, एकातेरिना डेमर आणि फेलिम ब्रॅडली यांनी काढलेलं. पहिल्यापासून संशोधनासाठीच. मला तिथली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मोबदल्याची सक्ती. तासाला किमान 6 पाउंड किंवा 8 डॉलर द्यावेच लागतात. शिफारस 9 पाउंड किंवा 12 डॉलरची. तुम्ही ‘दहा मिनिटांचा अभ्यास’ म्हणून टाकला आणि लोकांना प्रत्यक्षात अठरा मिनिटं लागली, तर हिशेब खऱ्या वेळावर होतो आणि दर किमानाखाली गेला की रक्कम वाढवायला सांगतात. प्रश्नावलीत ‘हे पण घालू, ते पण घालू’ करणाऱ्या प्राध्यापकांना याच्याइतका दुसरा लगाम मी पाहिलेला नाही. वरून सेवाशुल्क आहे, शैक्षणिक संस्थांना मोबदल्याच्या साधारण एक-तृतीयांश. महाग आहे. अनुदानाचा अर्ज लिहितानाच ते धरा.

चाळण्या भरपूर. वय, मातृभाषा, डावखुरेपणा, चष्मा, नोकरीचा प्रकार, निदान झालेले आजार: ही माहिती सहभागींनी आधीच भरलेली असते, त्यामुळे नको असलेला माणूस अभ्यासापर्यंत पोचतच नाही. सहभागीचं नाव तुम्हाला कळत नाही, फक्त 24 अक्षर-अंकांचा क्रमांक. एथिक्स कमिटीपुढे हे फार उपयोगी पडतं. संमतिपत्रातला गोपनीयतेचा परिच्छेद निम्म्यावर येतो.

आणि संदेशपेटी, जिथून सहभागी थेट संशोधकाला लिहू शकतो. तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून मी बोलते. झोप आणि स्मरण यांवरच्या आमच्या पायलटमध्ये (मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत) ‘काल रात्री किती तास झोपलात?’ असा प्रश्न होता, जुन्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतून जसाच्या तसा घेतलेला. एका सहभागीचा निरोप आला: ‘मी नर्स आहे, सध्या रात्रपाळी आहे. काल रात्री शून्य तास झोपले, पण दुपारी सात तास. काय भरू?’ पायलट थांबवून प्रश्न ‘गेल्या चोवीस तासांत’ असा केला आणि वेळा वेगळ्या विचारल्या. ती शून्यं मुख्य अभ्यासात आली असती, तर निद्रानाशाच्या रुग्णांत जमा झाली असती. उघड्या लिंकवर कोणी असं विचारत नाही. पान बंद करतो किंवा मनाला येईल ते भरतो.

उलट बाजूनं आपल्यालाही माणसासारखं वागावं लागतं. उत्तर नाकारलं तर सहभागीचे पैसे जातात आणि त्याच्या खात्यावर डाग राहतो. पुढचे अभ्यास मिळणं अवघड होतं. म्हणून नियम कडक आहेत: पाच मिनिटांहून मोठ्या अभ्यासात लक्ष तपासणारे (सहभागी नीट वाचतोय ना, हे पाहणारे) दोन प्रश्न चुकल्याशिवाय त्या कारणावरून नाकारता येत नाही. ‘मला उत्तर पटलं नाही’ हे कारण चालत नाही, आणि ते बरंच आहे. तपासायला तीन आठवडे मिळतात, मग पैसे आपोआप वळते होतात. मी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकते. अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्याला तेच लोक परत येतात, त्यात याचा मोठा हात आहे असं माझं मत.

आता उणी बाजू. चाळण्या कितीही लावा, हाती येतात ते स्वतःहून नाव नोंदवलेले आणि पडद्यासमोर वेळ असलेले लोक. जुलै 2021 मध्ये टिकटॉकवर एका तरुणीनं ‘इथे पैसे मिळतात’ असा व्हिडिओ टाकला, तो लाखोंनी पाहिला आणि प्रोलिफिकवर तरुण मुलींची अशी रीघ लागली की स्त्री-पुरुषांचं प्रमाण न बांधलेल्या हजारो अभ्यासांचे नमुने एका बाजूला कलले. नंतर समतोल नमुन्याची सोय आली. ती वापराच, आणि सगळ्या जागा एकदम उघडू नका. थोड्या सकाळी, थोड्या रात्री, थोड्या सुट्टीच्या दिवशी. नाहीतर त्या घटकेला जागे आणि मोकळे असलेले तेवढेच मिळतात.

दुसरं, हे सराईत झालेले असतात. बॅट आणि चेंडू मिळून 1 डॉलर 10 सेंट, बॅट चेंडूपेक्षा 1 डॉलरनं महाग, तर चेंडू कितीला? शेन फ्रेडरिक यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीतला हा प्रश्न. नवखा माणूस पटकन ‘10 सेंट’ म्हणतो, खरं उत्तर 5. पण ऑनलाइन अभ्यास सोडवणाऱ्यांनी तो इतक्यांदा पाहिलेला असतो की त्यातून विचारशक्ती कमी आणि सराव जास्त मोजला जातो. आपल्याच जुन्या अभ्यासातल्यांना वगळता येतं, ही सोय उत्तम आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेत कोणी काय सोडवलं हे मात्र मला दिसत नाही. प्रसिद्ध चाचणी जशीच्या तशी ठेवू नका. निदान आकडे आणि गोष्ट बदला.

तिसरी भीती अशा सगळ्याच सेवांना लागू आहे. शॉन वेस्टवूड या संशोधकांनी 2025 मध्ये एआयवर चालणारा एक कृत्रिम उत्तरदाता तयार करून दाखवला, तो लक्ष तपासणाऱ्या 99.8 टक्के प्रश्नांतून पार झाला. ‘इथे तिसरा पर्याय निवडा’ असल्या सापळ्यांचे दिवस भरले. आम्ही आता मोठी लेखी उत्तरं जवळजवळ बंद केली आहेत. त्याऐवजी प्रतिक्रियेला लागणारा वेळ, माउसची हालचाल, मजकूर टाइप केला की चिकटवला, हे नोंदवतो. अर्थात संमतिपत्रात तसं स्पष्ट लिहून. तेही किती काळ पुरेल, बघू.

शब्दजोड्यांच्या चाचणीचा पुढचा टप्पा प्रोलिफिकवरच करणार, अनुदान मंजूर झालंय. रात्रपाळीवाल्यांच्या अभ्यासासाठी मात्र रुग्णालयांच्या परिचारिका संघटनांना पत्रं पाठवली आहेत, कारण पाळी संपवून दमून घरी गेलेली आणि प्रश्नावल्या भरायचं त्राण नसलेली नर्स मला हवी आहे, आणि ती प्रोलिफिकसारख्या कुठल्याच सहभागींच्या पॅनेलवर बसलेली नसते.