वाशीतील एलसी कागदपत्र सेवा: सूट दाखवायची कुठे?

वाशीच्या एपीएमसी बाजारातून आम्ही हळद निर्यात करतो. एलसी म्हणजे ठरलेली कागदपत्रे दिल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी. तिच्या व्यवहारात बँक माल पाहत नाही, कागद पाहते. म्हणून गेल्या तीन खेपांची कागदपत्रे आम्ही वाशी स्टेशनजवळच्या एका छोट्या सल्लागार कार्यालयाकडून तपासून घेतली. प्रत्येक संचाचे ते ३,५०० रुपये घेतात.

त्यांच्याकडे जाण्यास कारण ठरली त्याआधीची एक खेप. माल ५०,००० डॉलरचा, अट सीआयएफ (किमतीत माल, विमा आणि जहाजाचे भाडे धरलेले), आणि एलसीत किलोचा दर देऊन त्यातून २ टक्के सूट वजा करावी असे स्पष्ट लिहिलेले. आमची कागदपत्रे तेव्हा करणाऱ्या गृहस्थांनी दरच उतरवून इनव्हॉइस थेट ४९,००० डॉलरचे केले आणि विमाही त्याच रकमेच्या ११० टक्के, म्हणजे ५३,९०० डॉलरचा काढला. खरेदीदाराच्या बँकेने दर जुळत नाही, सूट दिसत नाही आणि विमा कमी आहे, अशा डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतील विसंगती, काढल्या. पैसे मिळाले, पण अठरा दिवस उशिरा आणि शुल्क कापून.

या सल्लागार कार्यालयातील मॅडमनी ते जुने इनव्हॉइस समोर ठेवून पेन्सिलने मूळ दर पुन्हा लिहिला, बेरजेखाली 'वजा २ टक्के सूट, १,००० डॉलर' अशी ओळ घातली आणि तिच्याखाली ४९,००० मांडले. आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाच्या २०१३ च्या आयएसबीपी ७४५ या एलसीची कागदपत्रे तपासण्याच्या नियमावलीप्रमाणे एलसीने मागितलेली सूट इनव्हॉइसवर दिसलीच पाहिजे, आणि विमा सूट वजा होण्यापूर्वीच्या पूर्ण किमतीवर, म्हणजे आमच्या बाबतीत ५५,००० डॉलरचा हवा, हे त्यांनी शांतपणे समजावले. पैसे मागायचे एका रकमेचे आणि विमा उतरवायचा दुसऱ्या रकमेवर, ही गोष्ट इतकी वर्षे या धंद्यात असूनही आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या खेपेला खरेदीदाराने जुन्या मालातील ओलाव्याच्या तक्रारीपोटी ६०० डॉलर वळते करण्यास सांगितले. एलसीत त्याचा उल्लेख नव्हता, म्हणून आम्ही एलसीत दुरुस्ती मागवण्याच्या तयारीत होतो. मॅडमनी थांबवले. एलसीत नसलेली वजावटही इनव्हॉइसवर दाखवता येते. फक्त ती वेगळ्या ओळीत असावी आणि ड्राफ्ट, म्हणजे बँकेकडे पैसे मागणारी हुंडी, निव्वळ रकमेचा असावा, असे त्या म्हणाल्या. बँकेने तो संच एकही शंका न काढता स्वीकारला आणि दुरुस्तीचा खर्च वाचला. एलसीत मालाचे प्रमाण पोत्यांऐवजी किलोत लिहून घ्या, हा सल्लाही त्यांचाच: यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वजनात ५ टक्के कमीजास्त चालते, नगांच्या संख्येत ती सवलत नाही. अर्थात एलसीची एकूण रक्कम ओलांडता येत नाही.

दोन उणिवा नमूद करणे आवश्यक आहे. दुपारी चारनंतर दिलेला संच दोन दिवसांनी हाती येतो, आणि माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत पोहोचवायचे असताना ते दोन दिवस जड जातात. शिवाय शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे भरायचे निर्यातीचे कागदपत्र, हे लोक पाहत नाहीत. तिसऱ्या खेपेला सीएचएने (सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या एजंटने) त्यात सूट दाखवलीच नाही, आणि शिपिंग बिलाची किंमत व आलेली रक्कम यांतील फरकाचा खुलासा आमच्या बँकेला आम्हालाच द्यावा लागला. आता इनव्हॉइसचा मसुदा आम्ही कंटेनर न्हावा शेवाला निघण्याआधीच मॅडमकडून तपासून घेतो आणि तोच सीएचएकडे पाठवतो.