कीटोच्या गोळ्या, ‘नेट कार्ब’चे बार आणि काट्यावर उतरलेलं पाणी: कुठे गंडवतात ते वाचा

फसलात ते स्वतःच्या हावेपायी, असं म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचायची तसदी घेऊ नये. कमी कर्बोदकांच्या, म्हणजे ‘कीटो’ आहाराच्या नावाखाली जी लूट चालते तिच्यात अडाणी माणसं कमी सापडतात. लेबल वाचणारी, ग्रॅम मोजणारी, रोज सकाळी काट्यावर उभी राहणारी माणसंच जास्त सापडतात, आणि त्याला कारण आहे. हा आहार थोतांड नाही. साखर, पीठ, भात, बटाटा बंद केला की वजन खरोखर उतरतं, पहिल्या आठवड्यात तर भराभर उतरतं. त्या खऱ्या उताराचं श्रेय भलत्याच गोळ्यांच्या डबीला चिकटवायचं आणि डबीचे पैसे घ्यायचे, एवढाच हा धंदा.

‘फुकट चाचणी, फक्त टपालखर्च भरा’ हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. कार्डाचा नंबर घेतात, १४ दिवसांनी पूर्ण किंमत कापतात, मग दरमहा कापत राहतात. मला बोलायचंय ते त्या १४ या आकड्याबद्दल.

यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठलेलं असतं. दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणली की हा साठा बराचसा उपसला जातो. ५०० ग्रॅम ग्लायकोजेन आणि १५०० ग्रॅम पाणी, म्हणजे २ किलोपर्यंतचा हिशेब इथेच लागला. शिवाय इन्सुलिन खाली आल्यावर मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकतात आणि त्याच्यामागे आणखी पाणी जातं. यात चरबी किती? रोज ५०० किलोकॅलरींची तूट काटेकोर सांभाळली तर आठवड्याला ३५०० होतात, आणि शरीरातल्या एक किलो चरबीला ७७०० च्या आसपास लागतात. म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. बाकी ग्लायकोजेन आणि पाणी. हे पाणी पहिल्या दोन आठवड्यांत निघून जातं, आणि परतीची मुदतही तेवढीच असते. योगायोग मानायचा त्यांनी मानावा. त्यातही मुदत माल हातात पडल्यापासून मोजत नाहीत, ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात. टपालात ५ दिवस गेले की हातात उरतात ९, आणि त्या ९ दिवसांत काटा इतका छान खाली जात असतो की गोळ्या परत करायचं कुणाच्या मनातही येत नाही. तिसऱ्या आठवड्यात काटा अडतो. तोवर मुदत संपलेली असते आणि पैसे कापलेले असतात.

आता जिथे संशय यायला हवा होता ती जागा. ती कुठे लपवलेली नव्हती, डबीच्या मागे छापलेली होती. ६० कॅप्सूल, दिवसाला २, दोन कॅप्सूलमध्ये मिळून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटचे (हा एक कीटोन, चरबी जळताना यकृतात तयार होणारा पदार्थ) क्षार ८०० मिलिग्रॅम. गुणाकार करा. ३० दिवस गुणिले ०.८ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या डबीत २४ ग्रॅम. त्या २४ ग्रॅममध्येही कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचं वजन धरलेलं, म्हणजे खरा कीटोन त्याहून कमीच. रक्तातले कीटोन थोडा वेळ तरी वर जावेत म्हणून प्रयोगांमध्ये असे क्षार एका वेळी १० ग्रॅमहून जास्त देतात. यांची महिन्याची डबी म्हणजे फार तर दोन वेळचा डोस! दीर्घ उपवासात यकृत स्वतःच्या बळावर दिवसाला १०० ग्रॅमहून अधिक कीटोन तयार करतं, फुकटात. आणि समजा तो २४ ग्रॅमचा चमचाभर ऐवज एका दमात पोटात गेला, तरी त्याने चरबी जळत नाही. बाहेरून आलेला कीटोन हेही इंधनच आहे, ग्रॅमला साधारण ४.७ किलोकॅलरींचं. शरीर आधी ते वापरतं, आणि रक्तात तो वाढला की चरबीच्या पेशींतून चरबी सुटण्याचा वेग उलट मंदावतो. कीटोन हा चरबी जळल्याचा परिणाम आहे. धूर विकत आणून चूल पेटत नाही.

हा हिशेब कुणी केला नाही म्हणून हसणं सोपं आहे. पण डबीवर खरं नाव होतं, पदार्थ खरा होता, त्यावर खरं संशोधन झालेलं आहे. अपस्मारासाठी कीटोजेनिक आहार १९२१ पासून वैद्यकात आहे. आणि सोबत आलेली लघवी तपासायची पट्टी खरंच जांभळी झाली होती! डोळ्यांदेखत रंग बदलला तर माणसाने आणखी काय पुरावा मागायचा?

त्या पट्टीची मखलाशी नीट समजून घ्या, कारण सगळा विश्वास तिच्यावरच तोललेला असतो. पट्टीवरचं रसायन, म्हणजे नायट्रोप्रुसाइड, ॲसिटोॲसिटेट या दुसऱ्या कीटोनला रंग देतं. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसतच नाही. म्हणजे गोळीत जे आहे ते पट्टी मोजत नाही, आणि पट्टी जे मोजते ते तुमच्या आहारातून आलेलं असतं. पीठ आणि साखर सोडून तीन-चार दिवस झाले की गोळीशिवायही ती रंगणार. पाणी कमी प्यायलात तर जास्त गडद होणार. उलट काही आठवड्यांनी शरीर सरावलं की लघवीत ॲसिटोॲसिटेट कमी उतरतं, रंग फिका पडतो, आणि नेमक्या त्याच सुमारास ‘तुमचा कीटोसिस (रक्तात कीटोन वाढलेली अवस्था) तुटतोय, दुहेरी मात्रेचा पॅक घ्या’ असा संदेश येतो. खरंच जाणून घ्यायचं असेल तर बोटाच्या थेंबातून रक्तातला कीटोन मोजणारं यंत्र वापरा. आहारातून येणारा कीटोसिस साधारण ०.५ ते ३ मिलिमोल प्रति लिटर असतो. पट्ट्यांची बाटली उघडी राहून दमट झाली असेल तर ती सरळ फेकून द्या.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, गळून जायला होतं, पोटऱ्यांत गोळे येतात. यावर ‘विषद्रव्यं बाहेर पडताहेत’ अशी थाप मारून क्षारांची पाकिटं खपवतात. विषद्रव्यं वगैरे काही नाही, लघवीवाटे सोडियम गेलेलं असतं. पाकिटावर सोडियम २०० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर ते अर्धा ग्रॅम साधं मीठ झालं, कारण मिठात वजनाच्या सुमारे ४० टक्के सोडियम असतं. स्वयंपाकघरातलं मीठ घातलेलं गरम सूप तेच काम करतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र मीठ मनाने वाढवू नका, डॉक्टरांना विचारा.

बारचं प्रकरण गोळ्यांपेक्षा सभ्य दिसतं आणि म्हणून जास्त टोचतं. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत ‘नेट कार्ब ३ ग्रॅम’, म्हणजे पचून साखर होणारी कर्बोदकं तेवढीच. मागे एकूण कर्बोदकं २४, तंतू ९, शर्करा-अल्कोहोल (साखरेऐवजी घालायचे गोड पदार्थ) १२. चोवीसातून नऊ गेले, बारा गेले, उरले तीन. गणित बरोबर, वजाबाकी खोटी. शर्करा-अल्कोहोल कुठलं ते घटकांच्या यादीत बघा. एरिथ्रिटॉल असेल तर पूर्ण वजा करायला हरकत नाही, रक्तातल्या साखरेवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. माल्टिटॉल असेल तर निम्मंच वजा करा, कारण त्याचा बराचसा भाग पचतो आणि साखर वर नेतो. (राहिलेला आतड्यात जाऊन काय करतो ते बाराच्या जागी तीस ग्रॅम खाल्लेत की संध्याकाळी कळेल.) आणि ते ९ ग्रॅम ‘तंतू’ म्हणजे आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड असेल, तर त्यातलं बरंचसं लहान आतड्यात पचून ग्लुकोज होतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन त्याला आहारतंतू म्हणून मान्यता देत नाही. आता पुन्हा मांडा: ३, अधिक माल्टिटॉलचे ६, अधिक त्या तंतूतले ९ पर्यंत. तीनाचे झाले अठरा. दिवसाची मर्यादा २० ग्रॅम असेल तर एका बारने दिवस संपला, आणि लोक दोन खातात कारण पाकिटावर तीनच लिहिलंय.

आणखी एक खोच. अमेरिकी लेबलवर एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, युरोपीय लेबलवर तंतू आधीच वेगळे काढलेले असतात. युरोपीय पाकिटावरून तंतू पुन्हा वजा केलेत तर एकच गोष्ट दोनदा वजा झाली. ‘नेट कार्ब’ या आकड्याची कायदेशीर व्याख्या अमेरिकेच्या लेबल-नियमांत नाही, त्यामुळे छापणारा छापतो. तिथे एका वाढणीत ५ किलोकॅलरींहून कमी असेल तर शून्य कॅलरी लिहायची मुभा आहे. म्हणून ‘शून्य’ गोडव्याच्या पुडीत भर घालायला माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, पचून ग्लुकोज होणारी पूड) असतं आणि पुडी जाणूनबुजून १ ग्रॅमची करतात. दिवसाला दहा पुड्या टाकल्यात की शून्य उरत नाही.

घरी तपासता येतं. ‘कीटो’ पीठ चिमूटभर पाण्यात कालवा, शेजारी साधं पीठ तसंच कालवा, दोन्हींत पातळ केलेल्या आयोडिनचा एकेक थेंब टाका. दोन्ही सारखेच काळेनिळे झाले तर आत स्टार्च भरपूर आहे. फक्त एकट्या नमुन्यावर निकाल देऊ नका, थोड्या स्टार्चनेही रंग येतो. तुलना महत्त्वाची. बारसाठी ग्लुकोमीटर वापरा: उपाशीपोटी एक वाचन, मग फक्त तो बार, मग ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी. सोबत चहासुद्धा नको.

आता दाद मागण्याबद्दल. बँकेत गेलं की सांगतात, कार्डाचा नंबर तुम्हीच दिलात, व्यवहार अधिकृत आहे. अन्नपदार्थांवर देखरेख करणारं कार्यालय म्हणतं, डबीत ८०० मिलिग्रॅम लिहिलंय आणि तेवढं आहे, मग तक्रार कसली? जाहिरात खोटी आहे म्हटलं तर जाहिरात आमच्याकडे येत नाही. औषधवाल्यांकडे जा म्हणतात. औषधवाले म्हणतात हे आहारपूरक आहे, औषध नाही. पोलिसांत गेलं की पहिला प्रश्न, माल मिळाला का? मिळाला. मग हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. ग्राहक आयोगात विचारतात विक्रेत्याचा पत्ता कुठला. पत्ता एका देशातला, पैसे घेणारी कंपनी दुसऱ्या देशातली, आणि कार्डाच्या उताऱ्यावर तिसरंच नाव! सगळ्यांनी आपापल्या नियमाप्रमाणे हात वर केले, म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही. वर प्रत्येक खिडकीवर एक माणूस असतोच, जो फॉर्म परत देताना म्हणतो, ‘व्यायाम करायचा हो, गोळ्या कशाला?’ त्याला पगार सल्ल्याचा मिळतो का, हे एकदा विचारायला हवं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरकांना बाजारात येण्याआधी परवानगीच लागत नाही. धोका आहे हे नंतर सरकारने सिद्ध करायचं. म्हणजे पहारेकरी आहे, पण चोरी झाल्यावर यायचा.

आणि धोका असतो. वजन उतरवणाऱ्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध वारंवार सापडलंय. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये ते अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बाजारातून काढलं गेलं. गोळीने धडधड वाढली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली तर ‘असर होतोय’ म्हणून खूश होऊ नका. गोळी बंद करा, डबी जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर डोस न बदलता कर्बोदकं तोडल्यास साखर धोकादायक खाली जाऊ शकते. एसजीएलटी-२ गटातली (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) गोळी चालू असेल तर साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होण्याची जीवघेणी अवस्था, होऊ शकते. पैसे देऊन घेतलेल्या ‘वैयक्तिक’ आहारयोजनेच्या प्रश्नावलीत आवडता रंग विचारतात, चालू औषधं विचारत नाहीत. तेवढ्यावरूनच ओळखा. शिवाय चमत्कार विकणाऱ्यांना सांगा: २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६०९ माणसं घेऊन १२ महिने आहार तपासले, कमी कर्बोदकांच्या गटाचं सरासरी ६.० किलो उतरलं, कमी चरबीच्या गटाचं ५.३. फरक लक्षणीय ठरला नाही. वर्षाला सहा किलो, तेही नेटाने. महिन्यात बारा सांगणारा पाणी किंवा थाप विकतोय.

पैसे परत मागायला फोन केला की शिडी सुरू होते: आधी १५ टक्के देतो, डबी ठेवा, मग ३५, आवाज चढवला की ५०. पन्नासला हो म्हटलंत की ‘तक्रार मिटली’ अशी नोंद होते आणि तीच नोंद ते बँकेला दाखवतात. अर्ध्यावर तडजोड करू नका. बोलणं फोनवर ठेवू नका, ईमेलवर आणा. अटींचं पान त्याच दिवशी तारखेसह जतन करा, नंतर ते बदललेलं असतं. पैसे भरायच्या पानावर आधीच खूण केलेला चौकोन असेल तर त्याचंही चित्र घ्या. दुसरी डबी आली तर ती स्वीकारू नका, आणि परत पाठवायची तर माग लागणाऱ्या टपालानेच.

कार्ड नुसतं बदलून भागत नाही. आवर्ती, म्हणजे दरमहा आपोआप, पैसे घेणाऱ्यांना नवा नंबर आपोआप कळवणारी सोय कार्ड-व्यवस्थेत असते, म्हणून नवं कार्ड घेताना ‘या विक्रेत्याची आवर्ती वसुली थांबवा आणि नवा नंबर कळवू नका’ हे लेखी द्या. मास्टरकार्डने २०१९ मध्ये नियम केला की प्रत्यक्ष वस्तूंची चाचणी संपल्यावर पैसे घेण्याआधी ग्राहकाची संमती घ्यावी. व्हिसाने २०२० मध्ये आठवण करून देण्याची अट घातली. बँकेच्या खिडकीवरच्या माणसाला हे बहुधा माहीत नसतं, तेव्हा बँकेला द्यायच्या अर्जात तुम्हीच लिहा. अर्जात ‘मला फसवलं’ लिहिलंत की तो बाजूला पडतो. ‘रद्द केलेली आवर्ती वसुली’ असं लिहा, रद्द केल्याचा ईमेल जोडा, प्रत्येक कपातीसाठी वेगळी रक्कम आणि वेगळी तारीख द्या, आणि दाव्याची मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात ते बँकेकडून लेखी घ्या.