रिमूव्हरचे पैसे घेतले, जुना रंग तिथेच राहिला

रंगकामाच्या कोटेशनमध्ये ‘जुना रंग काढून’ असे तीन शब्द असतात. गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त फसवले जाते ते याच तीन शब्दांत. नव्या रंगाचा हात बसला की खाली काय राहिले ते दिसत नाही. दिसू लागते तेव्हा पावसाळा आलेला असतो आणि ठेकेदार फोन उचलत नाही. दसरा-दिवाळीच्या घाईत उरकलेल्या कामांचे पोपडे पुढच्या जून-जुलैत निघतात, आणि प्रत्येक घरची हकिकत जवळपास सारखीच असते.

इमारत जुनी, दारे सागवानी, त्यांवर ऑइल पेंटचे चार-पाच थर. ठेकेदार सांगतो, रिमूव्हर (जुना रंग सोडवणारे रसायन) मारून लाकूड मोकळे करू, मग लांबी (लाकडाच्या फटी-खड्डे बुजवायचा लगदा), प्रायमर आणि रंगाचे दोन हात. रिमूव्हरचे पैसे वेगळे लावतो. कामाच्या दिवशी माणूस एक बाटली घेऊन येतो, दारांवर ब्रशने काहीतरी फिरवतो, घरभर उग्र वास सुटतो आणि गिऱ्हाइकाला वाटते काम चालले आहे. दुपारी पॉलिश पेपर फिरतो, संध्याकाळपर्यंत प्रायमर लागलेलासुद्धा असतो.

इथे साधा हिशोब करावा. ७ × ३ फुटांच्या दाराच्या दोन्ही बाजू मिळून ४२ चौरस फूट, चौकट धरून ५०. पाच दारांचे झाले २५०. रिमूव्हर रंगासारखा ओढून पातळ लावायचा नसतो, तो जाड थापायचा असतो. तसा लावला तर एका लिटरमध्ये साधारण ३० ते ४० चौरस फूट होतात. म्हणजे एका वेळेलाच सहा ते आठ लिटर हवा, आणि चार-पाच थर असतील तर बहुतेक वेळा दुसऱ्यांदा लावावा लागतो. पाच दारांचे काम एका लिटरमध्ये ‘झाले’ असेल तर ते झालेलेच नाही. म्हणून बिलात रिमूव्हर किती लिटर ते लिहून घ्या आणि रिकामे डबे मोजून घ्या.

पुढचा प्रश्न त्या बाटलीत काय आहे हा. चांगला रिमूव्हर खळीसारखा घट्ट असतो, उभ्या फळीवरून ओघळत नाही. लावल्यावर काही वेळाने ऑइल पेंटला सुरकुत्या पडून तो फुगतो आणि पत्र्याच्या पट्टीने ओढला की सालीसारखा सुटतो. बाटलीत नुसता थिनर (रंग पातळ करायचे द्रव्य) असेल तर तो दोन-तीन मिनिटांत उडून जातो, रंग वरवर चिकट होतो आणि पुन्हा घट्ट बसतो. लेबल डायक्लोरोमिथेनचे असेल, म्हणजे मिथिलीन क्लोराइडचे, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे. हे रसायन पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे त्यावर बनवलेला एक लिटर रिमूव्हर किलोच्या वर भरतो. थिनर पाण्याहून हलका असतो. बाटलीचे वजन वजा करून लिटरला ८००-८५० ग्रॅम भरले तर आत रिमूव्हर नाही. लेबलावर दुसरे रसायन असेल तर वजनावर जाऊ नका, दाराच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर लावून पाहा.

माल खरा असला तरी काम बिघडू शकते, आणि ही चूक चांगले रंगारीही करतात. रिमूव्हर लवकर उडू नये म्हणून त्यात मेण घातलेले असते. रंग खरवडला तरी ते मेण लाकडावर उरते. टर्पेंटाइन किंवा थिनरने, फडकी बदलत, दोनदा पुसून मग १२० नंबरचा पॉलिश पेपर मारल्याशिवाय त्यावर प्रायमर धरत नाही. ही पुसाई वाचवली की सहा महिन्यांत नवा रंग कागदासारखा निघतो, आणि ठेकेदार सांगतो, ‘तुमचं लाकूड ओलं होतं.’

काही जण रिमूव्हर म्हणून सरळ कॉस्टिक सोडा वापरतात. स्वस्त आहे आणि रंग खरेच निघतो. पण सागवान काळवंडते, जवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीचा ट्रॅक खाल्ला जातो, आणि व्हिनेगरच्या पाण्याने सोड्याचा जोर मारून, भरपूर धुऊन, लाकूड पूर्ण वाळवले नाही तर नवा ऑइल पेंट खालून साबणासारखा मऊ पडतो. पुढे पॉलिश करायचे ठरले असेल तर सोडा दाराला लावूच देऊ नका.

पैशांपेक्षा जास्त काळजी जिवाची वाटते. डायक्लोरोमिथेन ४० अंशांलाच उकळते, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, आणि श्वासावाटे शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद बाथरूममध्ये हे काम करताना माणसे दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये असे रिमूव्हर सामान्य गिऱ्हाइकाला विकायला बंदी घातली. आपल्याकडे पोरगेला रंगारी तोंडाला रुमाल बांधून हेच काम करतो. रुमालाने ही वाफ अडत नाही, साध्या रबरी हातमोज्यांतूनही द्रव आरपार जातो. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा बाहेरच्या दिशेने लावा, जमल्यास दार उतरवून गच्चीत नेऊ द्या. हे काम करणाऱ्याचा जीव तुमच्या घरात आहे.

दुसरा धोका शिशाचा. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत. रिमूव्हरचे पैसे घेऊन ब्लो लॅम्पने रंग जाळणे किंवा कोरडाच घासणे ही फसवणूक तर आहेच, पण त्यातून उडणारी धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतो. घरात रांगते मूल किंवा गर्भवती असेल तर कोरडी घासाई होऊच देऊ नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासायला सांगा आणि ओल्या फडक्याने फरशी पुसून घ्या.

भिंतींवर खेळ वेगळा. चुना किंवा डिस्टेंपर काढायला रिमूव्हर लागतच नाही. पाणी मारून अर्धा तास भिजू दिले की पत्र्याने खरवडता येतो. त्यासाठी ‘केमिकल चार्ज’ लावला असेल तर तो काढायला सांगा. जास्त चालते ते असे: सुटलेले तेवढे पोपडे काढायचे, बाकी तसेच ठेवून वरून पुट्टी ओढायची आणि पैसे पूर्ण खरवडाईचे घ्यायचे. चुन्यावर बसलेली पुट्टी ताटाएवढ्या तुकड्यांनी सुटते. पुट्टीआधी भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरा झाला तर खरवडाई अपुरी आहे. निघालेला चुरा पोत्यात भरून ठेवायला सांगा. पूर्ण घर खरवडल्याचे बिल आणि चुरा अर्धी पिशवी, हे जुळत नाही.

जुना थर ऑइल पेंटचा की इमल्शनचा (पाण्यात कालवायच्या रंगाचा) हे कळायला कापसावर स्पिरिट घेऊन घासा. इमल्शन कापसावर उतरते, ऑइल पेंट उतरत नाही. ऑइल पेंटची चकाकी न घासता त्यावर इमल्शन मारले तर ते टिकत नाही.

डब्यांबद्दल थोडक्यात. १० × १२ च्या, दहा फूट उंच खोलीच्या भिंती दार-खिडकी वगळून सुमारे ४०० चौरस फूट आणि छत १२०. चांगल्या इमल्शनला दोन हातांसाठी चार ते साडेचार लिटर पुरतात. दहा लिटर लावले असतील तर विचारा, अडीचमध्ये उरकले असेल तरी विचारा, कारण मग पाणी जास्त पडले आहे. डबा समोर उघडायला लावा. झाकणाची पट्टी आधीच तुटलेली नसावी, आत कंपनीचे टोकन असले तर ते जागेवर असावे. काम संपल्यावर रिकाम्या डब्याला तळाशी भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही.

मोबाइलवरच्या जाहिरातींतले ‘पाच मिनिटांत रंग आणि गंज गायब’ करणारे जेल घेऊ नका. पैसे दिल्यावर पार्सल उघडते आणि आत ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना महिना-वर्ष, ना एमआरपी. पाकीटबंद मालावर हे छापणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यामुळे ते नसलेल्या बाटलीचा फोटो हाच पहिला पुरावा.

पैसे टप्प्यांनी द्या: खरवडून झाल्यावर, प्रायमर पाहून, शेवटचा हात वाळल्यावर. ‘जुना रंग काढून’चा हप्ता प्रायमर लागण्याआधी उघडे लाकूड दिवसाउजेडी पाहूनच सोडा, आणि तेव्हाच फोटो काढा. आठवड्याने कोपऱ्यात ब्लेडने जाळीसारख्या उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटकन ओढा. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन आले तर शेवटचा हप्ता थांबवा.

रंग निघालाच तर पोपडा फेकू नका. त्याची मागची बाजू बघा. ती गुळगुळीत असेल आणि दारावर खाली जुना चकचकीत रंग दिसत असेल तर रिमूव्हर लागलेलाच नाही. खाली कोरे लाकूड असून ते बोटाला मेणचट लागत असेल तर पुसाई झालेली नाही. पोपडा तारीख लिहून पिशवीत ठेवा, सोबत बिल, कोटेशन, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे. आधी ठेकेदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करा. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील लावणेही सक्तीचे नाही.