बेळगावात घरी नेट घेताना: कंपनीचं फायबर, केबलवाला की एअरफायबर?

‘नेट कुणाचं घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, घर कुठं आहे? शहापूरच्या गल्लीत, येळ्ळूरला, की जांबोटीच्या पुढं? आपल्याकडं कंपनीच्या नावापेक्षा दारापर्यंत वायर आली आहे का, यावर निम्मा निर्णय होऊन जातो.

आधी वेगाचं बघू, कारण जाहिरात तिथूनच सुरू होते. ४० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ४० नव्हे, फार तर ५ एमबी डाऊनलोड. एमबीपीएसमधला बी बिटचा असतो आणि ८ बिटांचा एक बाइट. तरीही एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे टीव्ही चालू, मुलीचा ऑनलाइन क्लास चालू आणि दोन मोबाईल हातात, एवढ्या घराला ३० ते ४० चा प्लॅन पुरतो. जिओ फायबरचा ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस आणि एअरटेलचा ४९९ रुपयांत ४० हे ओळखीचे सुरुवातीचे प्लॅन. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा: ३९९ चे ४७१ होतात, ४९९ चे ५८९. केबलवाला भाव सांगतो तो करासकट की कराशिवाय, हे तिथंच विचारून घ्या आणि पावती मागा.

पण मी स्वतः ज्यावर निवड करतो ती गोष्ट वेगळीच आहे: लाईन तुटली तर जोडायला कोण येणार?

आमच्या गल्लीत रस्ता खोदताना जेसीबीनं केबल उचकटली, तेव्हा राऊटरवर लाल दिवा लुकलुकत होता. माझं कनेक्शन एका मोठ्या कंपनीचं. ॲपवर ‘२४ तासांत’ असं तीन दिवस दिसत राहिलं, फोनवर भाषा निवडायला कन्नड, हिंदी, इंग्रजी. आई दुपारी घरी एकटी असते, तिला मराठीशिवाय बोलता येत नाही. तिनं तक्रार कशी द्यायची? शेजारच्यांचं नेट केबलवाल्याचं. त्याचा पोरगा संध्याकाळी शिडी आणि स्प्लायसिंगचं मशीन घेऊन आला, खांबाखाली पोत्यावर बसून केसाएवढी काचेची तार जोडली आणि काकूंना ‘झालं बघा’ सांगून गेला. तेव्हापासून मी दर नंतर विचारतो, आधी दुरुस्तीवाल्याचा नंबर.

म्हणून केबलवालाच चांगला असं मात्र नाही. त्याच्याकडं गर्दी वाढली की रात्री नऊला नेट रांगतं, आणि गल्लीत लाईट गेली की काही केबलवाल्यांची गल्लीतली पेटीसुद्धा बंद पडते. घेण्याआधी त्याच्याच एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी रात्री जेवणानंतर स्पीड तपासा.

बीएसएनएलबद्दल पूर्वीच्या तांब्याच्या तारेवरून मत बनवू नका. पावसाळ्यात त्या लाईनवर खरखर यायची. आता ते फायबर, म्हणजे काचेची तार देतात, तिला गंजायला काही नसतं. गावात ही जोडणी बहुधा स्थानिक भागीदारच देतो, त्यामुळं तो माणूस कसा आहे ते बघा. उचगाव, कंग्राळीसारख्या गावांत मी आधी हीच चौकशी करीन, मग इतरांची.

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला, गोष्ट वेगळी. घरं लांबलांब, मध्ये रान, वानरं केबलवर झोके घेतात. तिथं वायर येणार नसेल तर एअरफायबर उरतो: छतावर एक डबा बसवतात, तो फाईव्ह-जी टॉवरवरून नेट घेतो. डिश टीव्हीसारखा तो जोराच्या पावसात लगेच जाणार नाही. त्याला खरी अडचण मध्ये येणाऱ्या दाट झाडीची आणि डोंगराची. अपलोड डाऊनलोडपेक्षा बराच कमी मिळतो. वर्क फ्रॉम होम करणाऱ्यानं, रोज मोठ्या फाइली पाठवणाऱ्यानं याकडं नीट लक्ष द्यावं. माणूस येईल तेव्हा त्याला आधी छतावर चढून सिग्नल दाखवायला सांगा, पैसे त्यानंतर द्या. मोबाईलवर फाईव्ह-जी अजून पोचलेलं नसेल तर हा विचारच सोडा.

कुठलंही घ्या, दोन कामं जोडणीच्या दिवशीच करून घ्या. एक, लाईट जाण्याचं. राऊटरला छोटा यूपीएस लावा. बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात, पण ॲडॅप्टरवर लिहिलेलं वाचूनच घ्या. दुसरं, राऊटरची जागा. जोडणारा घाईत असतो, वायर पुढच्या दारातून येते म्हणून डबा सोप्यातच ठोकतो. आपल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती हात-हात जाड, माजघराच्या पुढं सिग्नल जातच नाही. मागच्या खोलीत अभ्यास होत असेल तर वायर तिथवर न्यायला लावा. वीस मीटर जादा वायरीचे पैसे मागितले तरी द्या.